चमच्यावरचा थर

सोमवार, ३ मार्च

मानवजातीच्या अधःपाताला नेमकी कुठून सुरुवात झाली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. माझ्या मते ती ओल्या चमच्यापासून झाली. आज सलग अकराव्या दिवशी माझ्या चहाच्या चमच्यावर तपकिरी, चिकट, बुरसट वासाचा थर वाळलेला सापडला. आक्का रोज सकाळी त्याच चमच्यानं तिचं चूर्ण घेते आणि चमचा तसाच बेसिनमध्ये टाकते. घरात आणखी सात चमचे आहेत. ते तिच्या 'हातात बसत नाहीत'.

साहित्यशास्त्रात जुगुप्सा हा स्थायीभाव सांगितला आहे. त्यातल्या 'स्थायी' या शब्दाचा अर्थ आमच्या बेसिनपाशी उभं राहिल्यावर कळतो.

"आक्का, निदान पाण्याखाली तरी धर."

"चमचाच आहे रे, पंडित. साप नाही."

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजले, कात्री धरवेना, आणि तिनं शिवणयंत्रावर चादर टाकली. त्या चादरीकडे बघत ती ज्या तऱ्हेनं बसायची, ते मला बघवत नसे. गेल्या जुलैत चूर्ण सुरू झालं. पंधरा दिवसांत चादर निघाली. म्हणून चमच्याबद्दल मी फक्त इथेच बोंब मारू शकतो.

आता दुसरी गोष्ट, जी इथेसुद्धा हळू आवाजात लिहायला हवी. चूर्णाच्या डबीवर एक श्लोक छापलेला आहे:

सन्धिस्थं हरते शूलं चूर्णमेतद् दिने दिने ।
वृद्धानां पदयोर्वेगं करोत्येव न संशयः ॥

सांध्यांतलं दुखणं हे चूर्ण दिवसेंदिवस हरतं आणि म्हाताऱ्यांच्या पायांना वेग देतं, यात शंका नाही. खाली बारीक अक्षरांत: 'प्राचीन ग्रंथांतरी सांगितलेले'. तो प्राचीन ग्रंथ म्हणजे मी. चूर्णवाले 'काहीतरी भारदस्त द्या, शास्त्रीबुवा' म्हणाले आणि मी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या बाकावर बसून दहा मिनिटांत देऊन टाकलं. शेवटी चार अक्षरं कमी पडत होती, म्हणून 'न संशयः' घातलं. मोबदला म्हणून आक्काला वर्षभर डब्या. आक्काला यातलं काही ठाऊक नाही. ती डबी उघडण्याआधी श्लोकाला हात लावते. मला आतून हसू येतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं.

संपादकांचा हुकूम: रविवारच्या पानासाठी संप्रेरकांवर तीन लेख. संपादक पानं उलटताना बोट जिभेला लावतात. तेच बोट मग माझ्या लेखावर.

गुरुवार, ६ मार्च

भाचीला फोन केला. ही आक्काची एकुलती मुलगी. दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत पेशींतल्या ग्राहींवर काम करते. संप्रेरक म्हणजे निरोप्या, आणि ग्राही म्हणजे तो निरोप ज्याला कळतो तो प्रथिनाचा रेणू, एवढं मला आधीपासून येत होतं. तेवढ्यावर मी कुलूप-किल्लीची उपमा काढली.

"मामा, ती उपमा नको ना. प्रत्येक पुस्तकात तीच असते. मला शिसारी येते तिची."

शिसारी हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य दिसतं.

तिनं समजावलं ते असं. बहुतेक निरोपे पेशीच्या दाराशीच उभे राहतात. बाहेरच्या ग्राहीला निरोप देतात आणि जातात. स्टिरॉइड जातीची संप्रेरकं मात्र चरबीसारखी असतात, आणि पेशीची भिंतही चरबीचीच. त्यामुळे ती भिंतीतूनच आत शिरतात. आत त्यांचा ग्राही वाट बघत असतो. त्याच्यात एक खळगा असतो, आणि तो खळगा उघडा राहावा म्हणून दुसऱ्या काही प्रथिनांनी ग्राहीला धरून ठेवलेलं असतं. संप्रेरक खळग्यात बसलं की ग्राही त्याच्याभोवती मिटतो, त्याचा आकार बदलतो, धरून ठेवणारे सुटतात, आणि तो पेशीच्या गाभ्यात जातो. तिथे आनुवंशिक मजकुरावर ठरावीक जागी बसून कोणतं पान वाचायचं आणि कोणतं मिटायचं, ते ठरवतो.

आक्का काज करता करता ऐकत होती.

"कुलूप कसलं रे?" ती म्हणाली. "किल्ली गेली म्हणून कुलपाचा आकार बदलतो का? हे कच्च्या शिलाईसारखं आहे. टाचण्या लावून कपडा उघडा धरायचा. माणूस आत शिरला की कपडा अंगावर बसतो, टाचण्या काढायच्या. मग तो कपडा घालून माणूस जाईल तिथे कपडाही जाणार."

फोनवर भाचीनं ती उपमा एकदा स्वतःशी म्हणून बघितली. मग: "आई, तू माझ्या जागी ये."

आक्का फोन असा धरते की भाचीला छतावरचा पंखा आणि आक्काची हनुवटी एवढंच दिसतं. भाची म्हणाली, "आई, जरा खाली धर की." आक्का म्हणाली, "माझं काय बघायचंय? सुई बघ." आणि सुई दाखवली.

टाचण्यांची उपमा लेखात घेतली. श्रेय दिलेलं नाही. घरच्या घरी काय श्रेय.

शुक्रवार, १४ मार्च

आक्काची प्रकृती सुधारते आहे आणि माझं जिणं कठीण होत चाललं आहे. ती पहाटे चारला उठते, डबे हुडकते, पाव खाते, त्यावर साय, पुन्हा पाव. ओट्यावर सायीची बोटं. मी सायीकडे लहानपणापासून बघू शकत नाही. गाल असे वर आलेत की डोळे खिडकीतून डोकावल्यासारखे दिसतात. शेजारी म्हणतात, आक्का दहा वर्षांनी लहान झाल्या. हनुवटीवर मऊ लव आली आहे. मी म्हटलं, "आक्का, माझा वस्तरा हवा का?" तिनं फूटपट्टी फेकून मारली. नेम अजून उत्तम आहे.

आज ती स्वतःचाच अंगरखा तिसऱ्यांदा उसवत होती. चकित होऊन म्हणाली, "पंडित, हे कापड बघ. कंबरेला आटलंय आणि बाह्यांत सैल पडलंय. चाळीस वर्षांत असं कापड बघितलं नाही." कंबर चार इंच पुढे, दंड दीड इंच मागे. तिनं टेप दोनदा लावून बघितला. शेवटी दोष गिरणीला दिला. मी कापड बदलून आणायला दुकानात गेलो आणि दुकानदाराशी भांडून आलो. तो म्हणाला, कापडाची एकच बाजू आटत नाही. अडाणी माणूस.

तिच्या हातावर जांभळे डाग उमटतात. टेबलाची कड लागली तरी. ते डाग बघून जेवण जात नाही, म्हणून मी तिच्या उजव्या बाजूला बसतो. तिकडे कमी आहेत.

चूर्णवाले आले होते. आक्काचा फोटो हवा आहे, नव्या डबीसाठी. आक्का लाजली. मी तिला एवढ्या वर्षांत लाजताना बघितलं नव्हतं.

रविवार, १६ मार्च

दुसरा लेख छापून आला. मूत्रपिंडांवर टोपीसारखी एक ग्रंथी असते. संकटात धीर देणारं, रक्तदाब सांभाळणारं, सूज आवरणारं संप्रेरक ती बनवते, असा विषय. लेख एका परिच्छेदानं लांब झाला होता. संपादक म्हणाले, "साबणाची जाहिरात आलीय. काहीतरी उडवा. तुम्हीच ठरवा, नाहीतर मी शेपूट कापतो."

शेपूट चांगलं होतं. त्यात एक संस्कृत समास होता. मी मधला परिच्छेद उडवला. तो रूक्ष होता. भाचीनं सांगितलं होतं तसा लिहिला होता: हेच संप्रेरक बरेच महिने बाहेरून मिळत राहिलं, तर मेंदूला वाटतं की भरपूर आहे; तो ग्रंथीला हुकूम पाठवणं थांबवतो आणि ग्रंथी आकसून झोपी जाते. मग बाहेरचं एकदम बंद केलं, तर आतलं हजर नसतं. असल्या गोष्टी सामान्य वाचकाला कशाला?

त्या जागी साबणाची बाई हसते आहे. दात फार आहेत.

बुधवार, १९ मार्च

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

सकाळी आक्काचा फोटो काढला. नवा अंगरखा, हातात कात्री, टवटवीत चेहरा. चूर्णवाल्यांना पाठवला आणि हौसेनं भाचीलाही. तीन मिनिटांत तिचा फोन.

"मामा, आई काय घेतेय?"

"चूर्ण. सांध्यांचं. का गं?"

"तिचा चेहरा बघितलास?"

"रोज बघतो. छान वर आलाय."

"छान?" तिचा आवाज फाटला. "गोल चेहरा, पोट पुढे, दंड बारीक. अंगावर डाग आहेत?"

"आहेत."

"मामा, तू गेल्या रविवारी काय लिहिलंस? स्वतःचं वाचतोस की नाही? त्या चूर्णात स्टिरॉइड मिसळलंय. शरीरातलं नाही, कारखान्यातलं. ते ग्राहीला आतल्यापेक्षा कितीतरी घट्ट धरतं आणि लवकर सोडत नाही. तिला आज डॉक्टरकडे ने. आणि हे बघ, ते चूर्ण..."

पुढचं मी ऐकलं नाही. फोन ठेवला.

स्वयंपाकघरात गेलो. अकरा डब्या, प्रत्येकीवर माझा श्लोक. एकेक उघडली आणि शौचालयात ओतली. चूर्ण पाण्यावर तरंगलं, फुगलं, तवंग आला. चार वेळा पाणी सोडावं लागलं. गुडघ्यांवर बसून ब्रशानं घासलं. मला ओकारी आली ती वासानं नाही. 'न संशयः'. चार अक्षरं भरायला.

आक्का दारात उभी होती. "काय करतोयस? माझं औषध आहे ते!"

"विष आहे."

"तुला काय कळतं? जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय ते!"

सांगायला हवं होतं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांकडे जाऊ," आणि फोन करून शनिवारची वेळ घेतली. भाचीचे सहा फोन येऊन गेले. रागावलेली आहे, उद्या बोलेन.

सकाळचा चमचा बेसिनमध्ये तसाच ठेवला आहे. धुणार नाही. निषेध म्हणून.

शनिवार, २२ मार्च

आक्काला कालपासून उलट्या. पोटात काही ठरत नाही. मी बादली धरतो, डोकं धरतो. मला किळस येते आणि किळस आल्याची लाज वाटते. दोन्ही एकाच हातानं पुसतो. अंग गळून गेलंय, उभी राहिली की भोवळ येते. बोटं पुन्हा सुजली आहेत.

एक समाधान आहे: विष बाहेर पडतं आहे. जुन्या वैद्यकात शोधन म्हणतात ते हेच. भाचीचा फोन घेतला नाही; आईच्या उलट्यांचा आवाज तिला कशाला ऐकवायचा. डॉक्टरांकडे न्यायला ती उभीच राहू शकली नाही. सोमवारची वेळ मागितली.

रविवार, २३ मार्च

आक्का इस्पितळात. पहाटे जमिनीवर पडलेली सापडली, घामानं गार. रक्तदाब मोजणारी परिचारिका दोनदा मोजून धावत गेली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. विचारलं, "किती महिने घेत होत्या?"

"आठ."

"आणि बंद कधी केलं?"

"बुधवारी. मीच फेकलं. सगळं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजोबा," म्हणाल्या (मी पंचावन्नचा आहे), "त्यांची ग्रंथी झोपलेली आहे. बाहेरचं थोडं थोडं करून कमी करायचं असतं, म्हणजे ती जागी व्हायला वेळ मिळतो. एकदम थांबवलं की शरीराला उभं राहायला काहीच उरत नाही. आता शिरेतून तेच संप्रेरक देतोय. त्या चूर्णाचा नमुना आहे का? काय होतं आणि किती होतं, ते कळायला हवं."

नमुना कुठला. अकरा डब्या मी गटारात सोडल्या.

मग चमचा आठवला. घरी आलो, वाळलेल्या थरासकट तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, आणि पिशवी छातीशी धरून, रस्त्यानं पळत, घेऊन गेलो.

उडवलेला परिच्छेद खणात आहे. पाठ आहे मला.

शुक्रवार, २८ मार्च

आक्का धोक्याबाहेर. परवा घरी येईल. चमच्यावर स्टिरॉइड सापडलं, भरपूर.

भाची आली आहे. माझ्याशी दोनच वाक्यं बोलली. पहिलं: "मी सांगत होते, एकदम बंद करू नकोस." दुसरं: "चहा घे."

चूर्णवाल्यांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर आक्काचा फोटो, छपाईला तयार. म्हणाले, "शास्त्रीबुवा, आम्ही कुठे कोणाला म्हणालो हमखास गुण येईल? ते तुम्ही म्हणालात. आम्ही छापलं." पान चाळताना यांनीही बोट जिभेला लावलं. मला त्या माणसाचा हात तोडावासा वाटला, आणि माझा स्वतःचाही.

परत येऊन लेख लिहिला. एवढ्या संतापानं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. श्लोकाचा उल्लेख टाळला. संपादकांना एक वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्या टायपात, चौकटीत घेतलं: 'स्टिरॉइडचा कणही पोटात जाऊ देऊ नका.'

बुधवार, ९ एप्रिल

आज सकाळी माझ्या चहाच्या चमच्यावर पुन्हा थर होता. या वेळी पांढरा.

भाची सोमवारी परत गेली. जाताना बजावून गेली: इस्पितळाची गोळी सकाळ-दुपार, एकही वेळ चुकता कामा नये, ग्रंथी जागी होईपर्यंत, महिने लागतील. आक्का गोळी चमच्यात पाण्यात विरघळवून घेते. निदान मला तसं वाटत होतं.

"आक्का, हे काय?"

ती यंत्रापाशी बसली होती. यंत्रावर पुन्हा चादर आहे. "काय?"

"ही तुझी गोळी आहे. चमच्यातच राहिलीय."

"मग असेल."

"किती वेळा?"

"काल. आणि आज." मग एकदम, "डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, ही गोळी स्टिरॉइडच आहे म्हणून. आणि तू लिहिलंस कणही नको. चौकटीत छापलंय. मी कापून ठेवलंय."

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. कडा वाकड्या कापल्या आहेत. आक्कानं वाकडं कापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्याच्या शेजारी रिकाम्या डबीवरून सोलून काढलेला श्लोक.

"ते अर्धवट लिहिलंय मी. ही गोळी वेगळी. तुझ्या शरीरात जे बनायचं ते बनत नाही, त्याच्या जागी आहे ही."

"मग तसं का नाही छापलं?"

मी कात्रणाची वाकडी कड नखानं सोलू लागलो. "आणि हा श्लोकही काढून टाक. तो जुना नाही. तोही मीच लिहिलाय, कचेरीत, दहा मिनिटांत."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा हसली. "तू? पंडित, काहीही चांगलं दिसलं की तुला वाटतं तूच केलंस. लहानपणी माझं भरतकाम शाळेत स्वतःचं म्हणून दाखवलं होतंस, आठवतं?" मग सुजलेली बोटं मांडीवर पसरून म्हणाली, "ते चूर्ण होतं तेव्हा कात्री धरवत होती रे. यात शंका नाही, असं कोणीतरी म्हणालं होतं मला. तुझ्या डॉक्टरीणबाई नुसतं 'बघू' म्हणतात."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. आत्ताच्या आत्ता द्या, म्हणाल्या. उलटी झाली तर थांबू नका, घेऊन या. गोळी मी विरघळवली, चमचा मी धरला. मग म्हणालो, "तोंड उघड." तिनं उघडलं. जीभ वर करायला लावली. गालाच्या आत, दाढांच्या मागे, सगळीकडे बघितलं. पिवळट दात, चिकट लाळ, जिभेवर पांढरी साय. मी बराच वेळ बघत राहिलो.

संपादकांना सांगितलं आहे की या रविवारी खुलासा द्यायचा आहे: उडवलेला परिच्छेद, चौकटीतलं वाक्य चुकीचं होतं हे, आणि श्लोक माझा होता हेही, माझ्या नावानिशी. बघू म्हणाले, जाहिरातींवर आहे. रविवारला चार दिवस आहेत. तोपर्यंत सकाळ-दुपार मी तिच्या तोंडात बघणार. पण मला उद्या दुपारी कचेरीत जावं लागेल, तेव्हा गोळी तिच्या हातात असेल.

छापून आलं तरी ती कोणत्या छापलेल्यावर विश्वास ठेवील, मला माहीत नाही. मी काय लिहिलं म्हणजे ती जगेल, हे मला कळत नाही. आक्का मरेल, आणि ती माझ्या लिहिण्यानं मरेल, अशी मला भीती वाटते.